पहिला फोन कुणाला?

(समाजकार्य आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आजचा विषय संयोजकांनी ऐसपैस दिला आहे. चर्च आणि धर्मादाय संस्था स्थलांतरित मजुरांच्या कल्याणासाठी आणि नेतृत्वासाठी काय करतात, याचं संशोधन. मी त्यातल्या शेवटच्या शब्दावर बोलणार आहे, म्हणजे संशोधन कसं करायचं यावर. संस्था काय करतात ते त्यांच्या वार्षिक अहवालात छापलेलं असतं. इतकी ब्लँकेटं, इतकी शिबिरं, इतके लाभार्थी. तेच आकडे पुन्हा तक्त्यात मांडायला पीएच.डी. कशाला हवी?

आपल्याकडे स्थलांतरित म्हटलं की आधी ऊसतोड. वाळूजच्या एमआयडीसीत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली मुलं आहेत, त्यांचाही अभ्यास व्हायला हवा, पण आज मी बीड, जालना, धाराशिवच्या टोळ्यांपुरताच बोलतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर, पुढे कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते ती नवऱ्याच्या नावानं, तिची फेड मात्र दोघांच्या अंगमेहनतीनं. म्हणजे संस्थेनं मुकादमाच्या वहीवरून यादी केली, की निम्मे मजूर पहिल्याच पानावर गायब. आणि बहुतेक याद्या तशाच होतात, कारण सोपं पडतं.

दुसरी अडचण वेळेची. जानेवारीत शिरूर कासार किंवा पाटोद्याच्या वस्तीवर गेलात तर म्हातारी माणसं आणि मागं ठेवलेली लेकरं भेटतील. ज्यांच्याशी बोलायचं ती साखर कारखान्याच्या तळावर, खोपट्यांत. तिथंही पहाटे अंधारातच फडात जाणं, संध्याकाळी परतलं की बाई चुलीपुढे. तुम्ही प्रश्नावली घेऊन बसलात की शेजारी मुकादम येऊन बसतो, आणि तोच उत्तरं देतो.

'तुम्हाला कोणी मदत केली का?' हा प्रश्न तर विचारूच नका. त्याला दोनच उत्तरं येतात. 'कुणीच न्हाई' आणि 'समद्यांनी केली'. तुम्ही कोण आहात याचा अंदाज घेऊन माणूस त्यातलं एक निवडतो. त्याऐवजी एक घटना धरा. तळावर बाळंतपण झालं, बैलगाडी उलटली, लेकराला साप चावला, उचल फिटली नाही म्हणून कुणाला डांबून ठेवलं. मग विचारा: पहिला फोन कुणाला लावला? त्यानं पुढे कुणाला लावला? दवाखान्याचे पैसे कुणी भरले आणि ते कुणाच्या नावावर चढले? ही साखळी कागदावर काढा. चर्च, गड (म्हणजे संतांच्या गादीची देवस्थानं), संस्था, पक्षाचा कार्यकर्ता, यापैकी कोण त्या साखळीत कितव्या जागी आहे आणि कोण मुळीच नाही, हे त्यातून दिसतं.

बहुतेक वेळा पहिला फोन मुकादमालाच. 'मग अन् कुणाला लावणार?' हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलं आहे. इथे आपली पुस्तकी विभागणी कोलमडते. मुकादम पिळवणूक करतो हे खरं. तोच रात्री जीप काढतो हेही खरं. अनेक मुकादम एकेकाळी कोयता धरलेलेच असतात. नेतृत्वाच्या अभ्यासातून त्याला खलनायक म्हणून वगळलंत, तर तळावरचं प्रत्यक्षातलं नेतृत्वच वगळलंत.

आता चर्च. मराठवाड्यातलं चर्च परकं किंवा कालचं नाही. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले, निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी जवळच बेथेल नावाचं गाव वसवलं. मांग आणि महार समाजातली कुटुंबं तिथं राहिली. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत 1977 चा, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालं. शाळा, वसतिगृहं, दवाखाने हे या मंडळींचं दिसणारं काम, आणि अहवालात तेच येतं.

मला जास्त मोलाची वाटते ती न दिसणारी बाजू. एखाद्या लहान गावातली मंडळी, म्हणजे तिथल्या चर्चचे सभासद, बघा. अर्पण मोजून वहीत लिहायचं, महिला मंडळाची बैठक चालवायची, सभेचं इतिवृत्त वाचायचं, उभं राहून चार लोकांत प्रार्थना करायची, पाळकांशी मतभेद झाला तर तो समितीत मांडायचा. शेतमजुरी करणारी बाई हे वर्षानुवर्षं करते. याला कुणी 'नेतृत्व विकास' म्हणत नाही. उलट ज्याला म्हणतात ते काय असतं? दोन दिवस, एक सभागृह, रंगीत कार्डं, जेवण, प्रमाणपत्र. त्या बाईला तळावरच्या बैठकीत बोलताना कोणतं कामी येतं, हा तपासण्याजोगा प्रश्न आहे. माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळलंच.

हेच गडांबाबत. सप्ताहाची वर्गणी, पंगतीचं नियोजन, पहारे लावणं, हिशेब गावापुढे वाचणं. भगवानगडावर दसऱ्याचा मेळावा वर्षानुवर्षं भरायचा, म्हणजे टोळ्या निघायच्या तोंडावर. गोपीनाथ मुंड्यांचं राजकारण या गर्दीशिवाय समजत नाही. पण लक्षात घ्या, गर्दीतून एक नेता उभा राहणं वेगळं, आणि प्रत्येक टोळीत बोलणारी चार माणसं तयार होणं वेगळं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. ती लहान गोष्ट नाही. वाटाघाटींच्या त्या टेबलावर कोयता धरणाऱ्या किती बाया होत्या, हे मात्र विचारा.

धर्मादाय कामातून नेतृत्व कसं घडू शकतं याचं आपल्याच भागातलं उदाहरण किल्लारीचं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर मदतीचे ट्रक आले, ख्रिस्ती संस्थाही आल्या, घरं बांधून दिली गेली. त्याच काळात घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. अनुदानाची माहिती घरोघर सांगायची, बांधकामावर लक्ष ठेवायचं, अधिकाऱ्याला प्रश्न विचारायचे. ट्रक परत गेले. या बायका पुढे बचत गटांत दिसत राहिल्या.

ऊसतोडीत असं का घडत नाही, तर सहा महिने गाव नाही आणि सहा महिने तळ नाही. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेनं कारखान्यांवर साखरशाळा, म्हणजे मजुरांच्या लेकरांसाठी हंगामी शाळा, चालवल्या, नंतर हंगामी वसतिगृहं आली. दोन्हींत लेकरांची सोय झाली. पण पालकांची समिती हंगाम संपला की विखुरते. संस्थेचं वर्ष एप्रिल ते मार्च, मजुराचं दसरा ते पाडवा.

त्यात पैशाचं. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेनं दुसरीला वळती करायला बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. मोठी चर्च-संलग्न संस्था पूर्वी तालुक्यातल्या छोट्या गटाला निधी द्यायची, ते थांबलं. फोनच्या साखळीत तिसऱ्या-चौथ्या जागी असायचा तो हाच छोटा गट.

गर्भाशयांचा प्रश्न घ्या. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीडमध्ये 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यात 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. आकडा भयंकर आहे. त्यापुढचं काम तुमचं: तिला दवाखान्यात जा म्हणून कुणी सांगितलं, शस्त्रक्रियेचे पैसे उचलीतून आले का, दुसऱ्या डॉक्टरला विचार असं सांगणारं कुणी होतं का. एखाद्या सिस्टरनं, आशा ताईनं, मकामच्या (महिला किसान अधिकार मंच) कार्यकर्तीनं थांबवलं असं उदाहरण सापडलं तर ते सोन्यासारखं जपा, कारण नेतृत्व म्हणजे नेमकं काय ते त्यात आहे.

धर्मांतराचा विषय निघणारच. तो टाळू नका, आणि फक्त पाळकांनाच विचारू नका. 'मदतीला काही अट होती का?' हा एकच प्रश्न पाळकांना, गडाच्या विश्वस्तांना, संस्थेला, कारखान्याला आणि आमदारांच्या माणसाला, सगळ्यांना त्याच शब्दांत विचारा. उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. सभेचं आमंत्रण, मत, फोटो, पुढच्या हंगामाची टोळी, अटींचे प्रकार बरेच निघतील.

शेवटी लिहिण्याबद्दल एक सूचना. नावं बदलली म्हणजे माणूस लपला असं होत नाही. गावाचं नाव आणि कारखान्याचं नाव एकाच पानावर आलं की टोळी कोणती ते मुकादमाला पाच मिनिटांत कळतं, आणि तुमच्याशी बोललेल्या बाईला पुढच्या वर्षी उचल मिळत नाही. दोन्हींपैकी एक गाळा. मार्गदर्शकांनी हट्ट धरला तर त्यांना माझ्याकडे पाठवा.