अस्तर बाहेर आलं की गुठळी होते

श्रोतेहो, नमस्कार.

थॅलॅसेमिया किंवा सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे येतो फिकट चेहरा आणि रक्ताची पिशवी. हिमोग्लोबिन कमी म्हणजे रक्त पातळ, मग गुठळीची कसली भीती, असा हिशेब पुष्कळजण करतात. प्रत्यक्षात या आजारांत रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं.

लाल पेशीचं आवरण दुपदरी असतं. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ नेहमी आतल्या पदरात राहतो, कपड्याच्या अस्तरासारखा. तो बाहेर सरकला तर त्याला ओढून पुन्हा आत ठेवणारी प्रथिनं पेशीत असतात आणि ती ऊर्जा खर्चून हे काम अखंड करतात. हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा अशा प्रथिनांच्या साखळ्या जुळून बनतं. बीटा थॅलॅसेमियात बीटा साखळ्या कमी पडतात आणि जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या आवरणाला चिकटून ते खराब करतात. सिकलसेलमध्ये ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचे लांब तंतू बनतात आणि आवरणाला आतून टोकं काढतात. ऑक्सिजन परत मिळाला की पेशी सावरते, पण ती टोकं कधीकधी तुटून वाहून जातात. दोन्हीकडे पेशीत कॅल्शियम झिरपतं, अस्तर आत ओढणारं काम थंडावतं आणि दोन्ही पदरांची सरमिसळ करणारं प्रथिन जागं होतं. अस्तर बाहेर येतं.

अशा पेशीतून जे बुडबुडे सुटतात त्यांना सूक्ष्मपुटिका म्हणतात. लाल पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, तर पुटिका साधारण 0.1 ते 1 मायक्रोमीटरची. 1967 मध्ये पीटर वुल्फ या संशोधकांनी प्लेटलेटमधून, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींमधून, सुटणाऱ्या अशा कणांना 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं होतं. नाव गमतीचं, पण ही धूळ निरुपद्रवी नाही. गोठण्याचे काही घटक कॅल्शियमच्या आधाराने फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटतात, एकमेकांजवळ येतात आणि थ्रॉम्बिन, म्हणजे गुठळी घडवणारं प्रथिन, झपाट्याने तयार होतं. शिवाय पुटिकेतलं हिमोग्लोबिन रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू गिळून टाकतं.

हा कचरा वेचायचं काम मुख्यतः पाणथरीचं, म्हणजे प्लीहेचं. म्हणूनच प्लीहा काढलेल्यांकडे जास्त लक्ष हवं: पुटिका आणि अस्तर उलटलेल्या पेशी रक्तातच फिरत राहतात, प्लेटलेटही वाढतात. भूमध्य समुद्राभोवतालचे देश आणि इराण इथल्या 8,860 थॅलॅसेमिया रुग्णांच्या 2006 च्या पाहणीत गुठळीचे प्रसंग मेजरमध्ये, म्हणजे नियमित रक्त लागणाऱ्या तीव्र प्रकारात, सुमारे 0.9 टक्के, तर इंटरमीडिया या मधल्या प्रकारात 4 टक्के आढळले. ज्याला रक्त कमी वेळा लागतं, त्यालाच धोका जास्त! नियमित रक्त मिळणाऱ्याच्या शरीरात स्वतःच्या सदोष पेशी कमी बनतात, हे त्यामागचं एक मोठं कारण.

मग पुटिका मोजून धोका ओळखता येईल का? प्रयोगशाळेत मोजतात, पण रोजच्या उपचारासाठी ही तपासणी अजून पक्की नाही. मोजणारा सावध नसेल तर आकडा खोटा येतो. बारीक सुईतून रक्त ओढलं, नळी जोरात हलवली, तर पेशी फुटून नव्या पुटिका तिथेच जन्मतात. म्हणून 21 गेजची, म्हणजे फार बारीक नसलेली सुई, पहिली नळी बाजूला, नऊ भाग रक्ताला एक भाग 3.2 टक्के सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण), आणि दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज यंत्रात 2,500 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 2,500 पट जोराने, पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा फिरवणं. पुढे खरी गंमत आहे. पुटिका ओळखायला फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटणारं अॅनेक्सिन हे प्रथिन वापरतात, त्याला कॅल्शियम लागतं. ते फॉस्फेटच्या द्रावणात घातलं की बारीक स्फटिक पडतात आणि यंत्र त्यांनाही पुटिका समजतं. शंका असेल तर थोडा डिटर्जंट घालावा: पुटिका विरघळतात, स्फटिक तसेच राहतात. ही फेरतपासणी न करता छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

रुग्णांसाठी मात्र लक्षणं जास्त कामाची. एकाच पायाला सूज आणि दुखणं, अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, नेहमीपेक्षा वेगळी तीव्र डोकेदुखी, बोलताना अडखळणं, चेहरा किंवा हात लुळा पडणं: वाट न बघता रुग्णालय गाठा. प्लीहा काढल्यानंतरच्या दिवसांत पोट दुखू लागलं, तर यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी आहे का, हे सोनोग्राफीत पाहावं लागतं. डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे मोजणारी रक्ततपासणी, इथे फारशी उपयोगी नाही, कारण सिकलसेलमध्ये ती एरवीही वाढलेली असते. गुठळी आहे की नाही हे ठरवायला इमेजिंगच, म्हणजे सोनोग्राफी किंवा स्कॅनसारखी तपासणी, लागते.

शस्त्रक्रिया, लांबचा प्रवास, गरोदरपण, शिरेत ठेवलेली नळी, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, अंगातलं पाणी कमी होणं, या प्रत्येक प्रसंगी आपला आजार आणि प्लीहा काढल्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगा. अॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. प्लेटलेट किती, रक्तस्रावाचा धोका किती, हे पाहून ते ठरतं. सिकलसेलवर हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर डोस चुकवू नका.