चौदाशे वर्षांचा शिष्य

[दृश्य : तापी-पूर्णा संगम. महाशिवरात्रीची सकाळ. काठावर गर्दी, मागे काळ्या दगडाचं मंदिर.]

महाशिवरात्रीला चांगदेवच्या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. रावेर, यावल, भुसावळकडची माणसं येतात, बुलढाणा जिल्ह्यातल्या दिंड्या येतात, बऱ्हाणपूरकडूनही लोक येतात. गाव जळगाव जिल्ह्यातलं, तालुका मुक्ताईनगर. मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघालेली तापी इथवर येते आणि विदर्भातून आलेली पूर्णा तिला इथंच मिळते. खालच्या अंगाला हतनूरचं धरण झाल्यापासून संगमाचं पाणी अफाट पसरलंय. हिवाळ्यात त्यावर परदेशी बदकं उतरतात.

आज उपवास. त्यामुळे जत्रेत भज्यांपेक्षा उकडलेल्या रताळ्यांचा धंदा जोरात आहे, आणि केळी तर काय, ह्या मुलखात मागाल तेवढी. संगमावर अंघोळ करायची, ह्या मंदिरात चांगदेवांचं दर्शन घ्यायचं आणि मुक्ताईच्या पायाशी जायचं. एकाच दिवशी दोघांचं दर्शन. एक शिष्य, एक गुरू.

त्यातला शिष्य, लोक सांगतात, चौदाशे वर्षांचा होता. गुरू पंधराच्या आतबाहेर.

[दृश्य : मंदिराच्या भिंतीवरचं कोरीव काम, जवळून.]

हे मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आतल्या गारव्यात पाच मिनिटं उभं राहिलं की शेजारचं कुणीतरी आपणहून गोष्ट सांगायला लागतं. योगाच्या बळावर चांगदेवांनी मरण चौदा वेळा परतवलं. दर शंभर वर्षांनी काळ यायचा, हे प्राण ब्रह्मांडी चढवून बसायचे, काळ हात हलवत परत जायचा. एकाच गादीवर बसलेल्या अनेकांचं आयुष्य पुढं एकाच्या नावावर जमा झालं असावं, असा तर्क करणारेही आहेत. असेल तसं. गोष्टीला हवाय तो आकडा नव्हे, त्या आकड्याचा ताठा. एवढं जगलेला, एवढं साधलेला, हजारो शिष्यांचा धनी असलेला माणूस. त्याच्या कानावर आलं की आळंदीला एक पोरगा आहे, रेड्याच्या तोंडून वेद म्हणवतो.

चांगदेवांनी पत्र लिहायला घेतलं.

इथं जरा थांबू. वाघ आणि भिंत सगळ्यांना पाठ आहे. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव आले आणि चौघा भावंडांनी बसल्या जागेवरून भिंत चालवली. शाळेच्या पुस्तकापासून गणपतीच्या देखाव्यापर्यंत ती भिंत चालतेच आहे. माझ्या मते ह्या गोष्टीतला खरा मोठा प्रसंग भिंतीच्या आधीच घडून जातो, आणि तो घडतो कागदावर.

पत्र म्हटलं की मायना आला. आपल्याकडे आताआतापर्यंत पहिल्या ओळीवरूनच कळायचं, लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण. वयानं लहान असेल तर चिरंजीव आणि अनेक आशीर्वाद. मोठा असेल तर तीर्थरूप आणि साष्टांग नमस्कार. मधला रस्ता नाही. चांगदेव अडले ते नेमके तिथं. वयाकडे बघून आशीर्वाद लिहावा तर ज्ञानानं तो मोठा. नमस्कार लिहावा तर नातवाच्या नातवाहूनही लहान पोराला कसा लिहायचा? चौदाशे वर्षं मरणाला परतवणाऱ्याला दोन शब्द सुचेनात. शेवटी त्यांनी कोराच कागद शिष्याच्या हाती दिला.

आळंदीला तो कागद उलगडला गेला. मुक्ताबाई हसली. चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला की!

थोरल्या निवृत्तीनाथांनी मात्र कागद वेगळ्या नजरेनं पाहिला. कोऱ्यावरच लिहिता येतं. त्यांनी ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं. त्या उत्तराच्या 65 ओव्या झाल्या. तीच चांगदेव पासष्टी. पत्राची सुरुवातच बघा. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. ‘स्वस्ति श्रीवटेशु’ म्हणून ज्ञानदेव कल्याण चिंततात ते त्याचं, जो स्वतः लपून जगाचा आभास दाखवतो. वटेश हे चांगदेवांच्या गुरूचं, दैवताचं नाव. म्हणजे पत्र आलं चांगदेवांचं आणि उत्तर गेलं थेट त्यांच्या आतल्या धन्याला. लहान-मोठ्याचा प्रश्नच निकालात निघाला. पुढं ते म्हणतात, तुझी-माझी भेट म्हणजे डोळे असलेले दोन आरसे समोरासमोर ठेवावेत तशी. कुणी कुणाला पाहिलं, सांगायचं कसं?

[दृश्य : कोथळीचं मुक्ताई मंदिर. रांगेतल्या बायका, हातात ओटीचं सामान.]

आता एवढं पत्र ज्ञानदेवांनी लिहिलं, तर गुरू तेच व्हायचे. तसं झालं नाही. परंपरा सांगते, चांगदेवांनी उपदेश घेतला तो मुक्ताबाईकडून. हसणारीकडून.

आणि तिनं त्यांना सहजासहजी पदरात घेतलं नाही. कीर्तनकार एक प्रसंग नेहमी रंगवतात. मुक्ताई न्हात होती, चांगदेव चुकून तिकडे आले आणि ओशाळून पाठ फिरवून निघाले. तिनं तिथूनच झापलं: गुरूकृपा झाली असती तर पाठ फिरवावी लागली नसती. बाई-पुरुष हा भेद अजून डोळ्यात शिल्लक आहे तुझ्या. म्हातारा योगी खाली मान घालून ऐकून घेतो. मंडपातल्या बायका ह्या जागी मनापासून हसतात. तिकडे पुरुषांच्या बाजूला जरा शांतता असते.

पण झापणारी तीच, पुढं पाळणाही म्हणते. निर्गुणाच्या डहाळीला पाळणा लावलाय आणि त्यात मुक्ताईचा सुत पहुडलाय, असा तिचा अभंग आहे. तो सुत म्हणजे चांगदेव. जन्मभर ब्रह्मचारी राहिलेली, वीस वर्षंही न जगलेली मुलगी चौदाशे वर्षांच्या बाळाला जोजवते. ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी’ हेही तिचंच. मुंगीनं सूर्य गिळला, विंचू पाताळात गेला, शेषानं त्याचे पाय धरले, माशी व्याली आणि घार झाली. असे अभंग कळतात का, असं इथल्या एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, “माले काय कयतं भाऊ. म्हनलं की बरं वाटते.” मग टाळ सावरून पुढच्या कडव्याला लागल्या.

मुक्ताईचा तोंडाळपणा एकट्या चांगदेवांपुरता नव्हता. लोकांच्या टोचण्यांनी वैतागून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले तेव्हा बाहेर उभी राहून समजावणारी तीच. थोरल्या भावाला, ज्याच्या ग्रंथापुढं पुढं सातशे वर्षं महाराष्ट्र वाकला, तिनं सांगितलं की जग रागानं आग झालं तर संतानं पाणी व्हावं. ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा.’ नामदेवांना गोरोबाकाकांच्या थापटण्याखाली बसवलं गेलं आणि मडकं कच्चं निघालं, त्या गोष्टीतही ही आहेच. मुक्ताबाईसमोर जो जो मोठा होऊन आला, तो जरा लहान होऊन गेला. आणि गंमत अशी की त्यातला कुणी तिच्यावर रुसून राहिला नाही.

[दृश्य : मेहूण, तापीचा काठ. आभाळ भरून आलेलं.]

ज्ञानदेवांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली. सोपानदेवांनी सासवडला. मग निवृत्तीनाथांसोबत मुक्ताई तापीच्या ह्या काठावर आली. शके 1219, म्हणजे 1297. वैशाख वद्य पक्ष. वळिवाचे दिवस. वीज कडाडली आणि मुक्ताबाई गुप्त झाली, असं नामदेवांच्या अभंगात आहे. ती 18 वर्षांची होती.

समाधी घ्यायची तर विवर असतं, शिळा असते, दिवस ठरलेला असतो. हिच्या बाबतीत तसं काहीच नाही. मग जागा दाखवायची तरी कुठली? कोथळीकर म्हणतात इथं, मेहूणकर म्हणतात इथं. दोन्हीकडे मंदिरं आहेत, दोन्हीकडे गर्दी आहे, आणि मुक्ताईनगरात नवं मोठं मंदिर उभं राहतंय ते वेगळंच. तालुक्याच्या गावाचं आधीचं नाव एदलाबाद. ते बदलून मुक्ताईनगर झालं. बोलताना जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात, पण हात जोडताना ‘आईसाहेब’.

[दृश्य : सप्ताहाचा मंडप, रात्रीचा पहारा. वीणेचा दांडा आणि दोन माणसांचे हात, जवळून.]

इथल्या गावांमध्ये नाम सप्ताह बसतो तेव्हा वीणा सात दिवस, दिवसरात्र उभ्यानं धरायची असते. खाली ठेवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात, यादी खांबाला चिकटवलेली. आम्ही रात्री पोचलो तेव्हा पहारा बदलत होता. ज्यांच्या गळ्यात वीणा होती ते सत्तरीच्या पुढचे, धोतर-टोपीतले, गावात शब्दाला मान असलेले गृहस्थ. घ्यायला आलेला पोरगा दिवसा केळीची कापणी करतो. सदऱ्यावर चिकाचे काळे डाग. ते डाग धुऊन जात नाहीत, कापणीवाल्याचा सदरा लांबूनही ओळखू येतो. पोरानं वीणेला हात लावून तो कपाळी नेला, मग आजोबांच्या पायाला हात लावायला वाकला. तो वर येईपर्यंत आजोबा खाली वाकले होते. गुडघ्याला हात देत, वेळ घेत, पण पूर्ण वाकले. पोरानं त्यांना अडवलं नाही. अडवायचं नसतं. वारकऱ्यांमध्ये पाया पडणं एकतर्फी राहिलं तर ते अर्धंच झालं असं धरतात.

ह्याच मंडळींना गुरूबद्दल विचारलं तर उत्तरं सरळ मिळत नाहीत. तुळशीची माळ घालायची असते ती कुणा अधिकारी महाराजांच्या हातून. माळ आधी ज्ञानेश्वरीवर ठेवतात, मग गळ्यात येते. दारू-मांस सोडायचं, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा, वर्षाची पंढरीची वारी चुकवायची नाही. एवढाच करार. कानात गुपित मंत्र नाही, दक्षिणेचा तक्ता नाही. मग माळ घालणारे महाराज तुमचे गुरू का? एक जण म्हणाला, ते निमित्त. दुसरा म्हणाला, गुरू ज्ञानोबाराय. पहाऱ्यावरून उतरलेले आजोबा पाय चोळत ऐकत होते. ते म्हणाले, “आपला गुरू आपन सांगाचा नसते बाप्पा. वागन्यातून दुसऱ्याले कयला त कयला.”

एरवी रस्त्यांवर गुरूंचे फ्लेक्स कमी नाहीत. खान्देशातही कमी नाहीत. एका चौकात चार-चार हसरे चेहरे, खाली शुभेच्छुकांचे त्याहून मोठे. कुणाची श्रद्धा कुठं बसावी हे सांगणारे आपण कोण, हे खरं. तरी पण ज्या मातीत गुरूचं एक चित्र नाही, वस्तू नाही, धड जागासुद्धा नक्की नाही, आणि शिष्याची ओळख म्हणजे कोरा कागद, तिथं हे फ्लेक्स जरा जास्तच भडक दिसतात.

[दृश्य : ज्येष्ठ महिना. पालखीचं प्रस्थान, भगव्या पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका.]

ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. मानाच्या पालख्यांमध्ये सगळ्यांत लांबून येणाऱ्यांपैकी ही एक; महिनाभराहून जास्त चालते. मलकापूर, बुलढाणा, चिखली, जालना करत ती बीडला पोचते. बीडला आजोबा गोविंदपंतांची समाधी मानतात, तिथं नात आजोबांना भेटते. जिवंतपणी ह्या पोरांना गणगोतानं वाळीत टाकलं होतं, त्यांचे आईबाप प्रायश्चित्त म्हणून जीव देऊन बसले. म्हणूनच असेल, ह्या भेटीच्या वेळी वारकरी बायका अगदी माहेरपणाला आल्यासारख्या रडतात.

चांगदेवांची समाधी इथं संगमावर नाही. ती तिकडे पुणतांब्याला, गोदावरीच्या काठी. म्हणजे शिष्याची समाधी बघायची तर खान्देश सोडून नगरकडे जायचं, आणि गुरूची तर कुठंच नाही. हे कोडं आम्ही पालखीत चालणाऱ्या एका बाईंपुढं ठेवलं. त्यांनी डोक्यावरची तुळस सावरली, आमच्या कॅमेऱ्यावाल्याच्या पायातल्या बुटांकडे बघितलं आणि विचारलं, मोताळ्याच्या पुढं राजूर घाट लागतो, माहीत आहे का? तिथपर्यंत येणार असाल तर हे बूट काढा, चपला घाला. फोड येतील.