आधी पाच मिनिटं बसा

[दृश्य : लाल मातीची पाणंद, जांभ्याची बैठी इमारत, दारात चपलांचा ढीग.]

सिंधुदुर्गातलं हे एक उपकेंद्र. आज बीपी-शुगरचा दिवस. नऊ वाजायच्या आत ओटा भरलाय. आत टेबलापाशी बसल्यात त्या इथल्या समुदाय आरोग्य अधिकारी. शिक्षण बी.एस्सी. नर्सिंग. पदाचं नाव गावात कुणी घेत नाही, सगळ्यांच्या त्या सिस्टर.

[दृश्य : आजी खुर्चीत टेकतात, हात पुढे करतात. सिस्टर कफ, म्हणजे दंडाला बांधायचा हवेचा पट्टा, बाजूला ठेवतात.]

आजी घाटी चढून आल्यात. हात पुढे केलाय, पण कफ बांधला जात नाही. "आधी पाच मिनिटं बसा." मग प्रश्न. चहा कधी घेतलात? मशेरी कधी लावलीत? लघवीला जाऊन आलात? चहा, तंबाखू, चढणीचा दम, भरलेलं मूत्राशय, यातलं काहीही आकडा वर चढवतं. मशेरी लावून अर्धा तास झाला नसेल, तर अजून थांबायचं.

[जवळून : दंड, कफ, नळी.]

पाठ टेकलेली. दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. बाही दंडावर आवळून वर सरकवायची नाही, दंड मोकळा हवा. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही. आजींना बोलायचंय, सिस्टर नुसती मान हलवतात. एक-दोन मिनिटांनी पुन्हा एकदा मोजायचं.

आता कफकडे बघा. दंड जाड आणि कफ लहान असेल, तर बीपी नसलेल्या माणसालाही बीपी दिसतं. म्हणून इथल्या खणात मोठ्या मापाचा दुसरा कफ आहे. तो प्रत्येक उपकेंद्रात असायलाच हवा. औषध वर्षानुवर्षं चालायचं असतं, आणि ते ठरतं या आकड्यावर.

[दृश्य : कपाटातलं पाऱ्याचं जुनं यंत्र.]

दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब वाचायची रीत इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी 1896 मध्ये मांडली. तेव्हा मनगटाची नाडी चाचपून फक्त वरचा आकडा कळायचा. 1905 मध्ये निकोलाय कोरोत्कॉव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला, आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते ऐकलं. खालचा आकडा तेव्हा हाताशी आला. पारा विषारी, म्हणून टेबलावर आता डिजिटल यंत्र आहे.

[दृश्य : उपचार कार्ड, गोळ्यांच्या पट्ट्या.]

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात पहिल्यांदा आला तो सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा या चार जिल्ह्यांत. त्याची मांडणी सोपी. 140/90 किंवा त्याच्या वर आकडा टिकून राहिला, की प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर ठरलेल्या क्रमाने औषध सुरू करतात. पुढची तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या घराजवळ, उपकेंद्रात. प्रत्येकाचं कार्ड, प्रत्येकाची तारीख. त्यामुळे कोण आलं नाही, तेही कळतं.

[दृश्य : ओट्यावरचे एक काका, हातात पट्टी.]

"माका काय्येक होना नाय, मग गोळी कित्याक?" हा प्रश्न इथे रोज येतो. बीपी दुखत नाही. ते कळतं लकव्याने, हार्ट अटॅकने किंवा मूत्रपिंडं निकामी झाल्यावर. सिस्टर वाद घालत नाहीत. कार्डावरचे मागचे आकडे बोट ठेवून दाखवतात. गोळी चालू होती तेव्हा इतकं, सोडलीत तेव्हा इतकं.

[जवळून : घोट्यावर दाबलेला अंगठा.]

हा अंगठा नीट बघा. दाबून काढल्यावर खळगा राहिला. सूज आहे. हे आजोबा अम्लोडिपिन ही बीपीची गोळी घेतात, आणि त्या गोळीनेही घोटे सुजतात. पण हृदय थकलं, तरीही पाय सुजतात. नुसत्या खळग्यावरून फरक कळत नाही, म्हणून सिस्टर विचारतात: रात्री दम लागू नये म्हणून किती उशा लागतात? झोपेतून दम लागून उठता का? चार दिवसांत वजन वाढलं का? आजोबा म्हणतात, पूर्वी एक उशी पुरायची, आता तीन लागतात. सिस्टर चिठ्ठी लिहितात आणि डॉक्टरांना फोन लावतात. आजोबांना आजच जायचंय. आम्हाला विचाराल, तर या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

निघण्याआधी पावलावरची नाडीही चाचपली जाते. आजोबा विडी ओढायचे. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं कुणी सांगितलं, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असण्याची शंका घ्यायची असते.

[दृश्य : दुपार, एका घराचं स्वयंपाकघर. चुलीवर पेज, फळीवर बरण्या.]

मिठाचं बोलणं घरी येऊनच होतं. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नको. सुकं मासं, लोणचं, पापड यांतलं मीठही त्यातच धरायचं. पेजेसोबत सुकं मासं नको, असं इथे सांगून चालत नाही. सिस्टर म्हणतात, भिजत घाला, पाणी टाका, आणि कालवणात वरून मीठ घालू नका. ऐकणारी सून आहे, कारण भांडं तिच्या हातात आहे.

[दृश्य : नोंदवही, फोन.]

आंबा-काजूच्या दिवसांत तारखा चुकतात. मुलाकडे मुंबईला गेलेल्यांच्याही चुकतात. अशांना आधी फोन जातो, नंतर आशाताई घरी जातात. मुंबईला निघालेल्या एका काकूंना आज सिस्टर सांगतायत: गोळ्या आणि कार्ड दोन्ही पिशवीत घ्या, संपायच्या आधी तिथल्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवा, आणि गणपतीला आलात की इथे या.