अर्ध्या इंचाची करामत

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मेकॅनोबद्दल. भोकांच्या पट्ट्या, दातेरी चाकं, दांडे, नट-बोल्ट आणि तो चपटा पाना. कपाटाखाली घरंगळलेला नट शोधताना काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

हे खेळणं काढलं इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी. मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे ते हिशेबनीस होते. घरी मुलांसाठी पत्रा कापून खेळणी बनवायचे. दर खेळण्याला नवे भाग कापण्यापेक्षा तेच भाग पुन्हा पुन्हा का जोडू नयेत, असं त्यांच्या मनात आलं. मालकाकडून 5 पौंड उसने घेऊन 1901 साली त्यांनी पेटंट मिळवलं. मेकॅनो हे नाव आलं 1907 मध्ये. आणि सगळी युक्ती कशात? दोन भोकांमधल्या अंतरात. अर्धा इंच. कुठलीही पट्टी घ्या, अर्धा इंच. म्हणून कशालाही काहीही जोडता येतं. आजकाल खोक्यावरच्या चित्रातली एकच वस्तू बनते असे संच मिळतात. त्यांना मी खेळणं म्हणत नाही, ते घरी आणलेलं फर्निचर झालं!

बरं, आता माझी आवडती गोष्ट. मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री नावाचे प्राध्यापक होते. अणूमधल्या इलेक्ट्रॉनांची समीकरणं सोडवायची हे त्यांचं काम. समीकरणं अशी, की आकडेमोड संपता संपत नाही. निवृत्त वडील मदतीला बसायचे. बाप-लेक मिळून अणूचं गणित करतायत, मला तर हे चित्रच फार आवडतं. तर अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हॅनेव्हर बुश यांनी अशी समीकरणं सोडवणारं भलंमोठं यंत्र उभारलं होतं. वीजेवर चालणारं, पण डोकं सगळं चाकांचं आणि दांड्यांचं. त्याचे फोटो पाहून हार्ट्रींना वाटलं, कुणीतरी मोठा मेकॅनो घेऊन मनसोक्त खेळलंय!

दुसरा कुणी हसून पुढे गेला असता. हार्ट्री 1933 साली तिकडे जाऊन यंत्र बघून आले आणि आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याला घेऊन खरोखरच मेकॅनो जोडायला बसले. यंत्राचा जीव एवढाच, की एक चकती फिरते आणि तिच्यावर एक छोटं चाक उभं टेकलेलं असतं. चाक मध्याजवळ असलं की हळू फिरतं, कडेला सरकवलं की जोरात. किती फिरलं ते मोजा, बेरीज तयार. पण पंचाईत अशी, की हे चाक नुसतं टेकलेलं. त्याच्या अंगात पुढचे दांडे फिरवायची ताकद कुठून येणार? तिथे दोरा कामाला आला. मोटरवर फिरणाऱ्या पिंपाला दोऱ्याचे वेढे द्यायचे. एका टोकाला चाकाने जरासं ओढलं, की वेढे आवळतात आणि दुसऱ्या टोकाला भरपूर ओढ मिळते. नावाडी खुंटाला दोराचे वेढे देऊन अख्खी होडी अडवतो, तेच हे.

1934 साली यंत्र चालू झालं. नेमकेपणा हवा तिथले काही भाग वेगळे घडवले होते, बाकी मेकॅनो. खर्च 20 पौंडांच्या आसपास. आणि उत्तर किती बरोबर? फरक सुमारे 2 टक्के. पुन्हा सांगतो, 20 पौंड आणि 2 टक्के. खेळण्यातून! ते पाहून एका देणगीदाराने मोठ्या यंत्रासाठी पैसे दिले आणि हार्ट्रींनी त्यावर पुढे आगगाड्यांच्या धावण्याच्या वेळांचंसुद्धा गणित केलं. रेल्वेचा नाद होता त्यांना. नाद असलेला माणूस कामाचं आणि हौशीचं खातं वेगळं ठेवत नाही, ठेवूही नये.

अमेरिकेतही असाच दुसरा संच होता, इरेक्टर. येल विद्यापीठातल्या विल्यम सिवेल या विद्यार्थ्याने 1949 मध्ये त्याच्या भागांतून हृदयाचं काम करणारा पंप जुळवला आणि कुत्र्यावर यशस्वीपणे वापरून दाखवला. त्यावर वेगळं भाषण होईल, आज वेळ नाही.

लिव्हरपूलचा कारखाना 1979 साली बंद पडला. हार्ट्रींच्या यंत्राचा काही भाग लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. केंब्रिजमध्ये तसंच आणखी एक जोडलं होतं, ते थेट न्यूझीलंडला गेलं. ऑकलंडच्या संग्रहालयात आहे. पट्ट्यांवरची भोकं मोजून बघा, अर्धा इंच. नमस्कार.