उभ्याचं काम आणि पायातल्या शिरा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘व्हेरिकोज व्हेन्स : प्रतिबंध आणि उपचार’. म्हणजे पायातल्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा. उपचारांवर येणारच आहे. पण आयोजकांनी बोलावलं तेव्हाच मी अट घातली होती, आधी मला बसायच्या स्टुलाबद्दल बोलू द्या.

दिवसभर उभ्यानं काम करणारे किती जण आहेत इथं? हात वर करा. शिक्षक आहेत, कापडदुकानातल्या ताई आहेत, मागचा हात सलूनवाल्या दादांचा दिसतो. आणि गृहिणींनी हात का नाही वर केला? ओट्यापाशी दोन्ही वेळा कोण उभं असतं? करा वर! आता निम्मं सभागृह झालं.

पायातलं रक्त हृदयाकडे चढतं ते मुख्यतः पोटरीच्या जोरावर. पाऊल टाकलं की पोटरीचे स्नायू आवळतात, खोलवरच्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं, आणि शिरांमधल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. या झडपांचं सविस्तर वर्णन इटलीतल्या पडुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञानं १६०३ मध्ये छापलं, पण त्यांचं खरं काम त्याच्या ध्यानात आलं नाही. ते उलगडलं त्याच्या विद्यार्थ्यानं, विल्यम हार्वेनं, १६२८ मध्ये. असो, हार्वेवर बोलायला लागलो तर रात्र होईल.

न हलता उभं राहिलं की घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत जातो. तोच माणूस चालू लागला आणि झडपा शाबूत असल्या, तर तो ३०च्या आसपास उतरतो. म्हणून चालण्यानं शिरा बिघडत नाहीत. त्रास वाढवतं ते एका जागी खिळून उभं राहणं. झडपा ढिल्या पडल्या की रक्त उलटं उतरतं, त्वचेखालच्या शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. आईवडिलांकडून आलेला कल, बाळंतपणं, वय, वजन हेही आहेच. ते सगळं आपल्या हातात नाही. स्टूल आहे.

माझ्याकडे एक प्राथमिक शिक्षिका आल्या. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर, रुपयाएवढी जखम. भोवतीची कातडी तपकिरी पडलेली, बोटानं दाबली तर लाकडासारखी टणक. कितीतरी महिने मलमं आणि पावडरी चालू होत्या. जखमेवर औषध लावलं जात होतं. पण मांडीतली जी शीर ती जखम ओली ठेवत होती, तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. मी विचारलं, “मॅडम, वर्गात मधूनमधून बसत नाही का?” त्या म्हणाल्या, “डॉक्टर, वर्गात खुर्चीच नाही.” सगळ्या वर्गांमधून खुर्च्या काढून नेल्या होत्या. का? तर बसलेला शिक्षक शिकवत नाही, असं व्यवस्थापनाचं मत! मी लेटरहेडवर लिहून दिलं, यांना एक स्टूल द्यावं. उत्तर आलं, “एकीला दिलं तर सगळ्या मागतील.” मागू देत की! मागायलाच हव्यात. बाईंनी घरून प्लास्टिकचं स्टूल नेलं, तर वरून आलेल्या हुकमाप्रमाणे शिपायानं ते उचलून कोठीत ठेवलं. मला अजून राग येतो. मुलांना आरोग्याचा धडा शिकवायला उभी असलेली बाई ती!

हे हट्ट नाहीत हो. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्यातल्या ४४व्या कलमानंच सांगितलं होतं, उभ्यानं काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसण्याची सोय हवी. ब्रिटननं १८९९ मध्ये दुकानांत दर तीन स्त्री विक्रेत्यांमागे एक आसन सक्तीचं केलं. आणि आपल्या देशात, केरळातल्या कोझिकोडला, पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानातल्या बायकांची संघटना बांधली. आधी त्या स्वच्छतागृहांसाठी लढल्या, मग बसण्यासाठी. २०१८ मध्ये केरळनं दुकान कायदा बदलून बसण्याची सोय सक्तीची केली, २०२१ मध्ये तमिळनाडूनं. आपल्या लक्ष्मी रोडवर, दादरला, साडी उलगडणाऱ्या मुली गिऱ्हाईक नसतानाही उभ्या असतात. तुम्ही खरेदीला जाल तेव्हा मालकाला विचारा, यांना बसायला काय आहे?

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. उपचार भराभर सांगतो.

बसता येत नसेल तर तासातासाला टाचा वीस-पंचवीस वेळा वर-खाली करा, चार पावलं चाला. घरी आल्यावर आडवं होऊन पाय छातीच्या पातळीपेक्षा वर. स्टॉकिंग्ज, म्हणजे पाय दाबून धरणारे घट्ट मोजे, सकाळी, पाय सुजायच्या आत चढवायचे. त्यांनी जडपणा आणि सूज कमी होते, बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. मधुमेह असेल, चालताना पोटऱ्यांत गोळे येत असतील, तर धमन्या तपासल्याशिवाय घट्ट पट्टी बांधूच नका; पाय गमावायची वेळ येते.

तपासणी एकच मागा, कलर डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठं कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, आणि तीही उभं करून. मुख्य शीर बिघडलेली असेल तर आता ती लेझरनं किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीनं, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेनं, आतून बंद करतात, बहुधा भूल फक्त पायापुरती, आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. लहान शिरांना फोमचं, म्हणजे फेसाळ औषधाचं, इंजेक्शन. “शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?” हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतूनच जातं. म्हणून त्या मोकळ्या आहेत ना, हे डॉपलरवर आधी बघायचं.

जखम असेल तर वाट बघू नका. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या चाचणीत शीर लवकर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांपैकी निम्म्यांची ८२ दिवसांत. दोन्हीकडे पट्टी बांधलेलीच होती.

शेवटचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. फुगलेली शीर फुटली तर चिळकांडी उडते, माणूस घाबरून उभाच राहतो. आधी आडवं करा, पाय उंच धरा, स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं न उघडता दाबून ठेवा, आणि मग दवाखान्यात न्या. वर दोरी आवळून बांधू नका. एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, ती खोल शिरेतली गुठळी असू शकते, आणि तसा पाय चोळायचा नाही.