आधी क्रियापदं, मग चेहरा

मित्रांनो, अॅनिमेशन शिकणारा विद्यार्थी बाहुली करायला बसला की पहिल्यांदा तिचा चेहरा काढतो. डोळे मोठे की बारीक, केस कुरळे की सरळ, यात वहीची पानं भरतात. चित्र देखणं होतं, मंजूरही होतं, आणि सेटवर उभी केल्यावर ती बाहुली खाली वाकूच शकत नाही. माझा आग्रह असा आहे की चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी वळा. आधी गोष्ट वाचा आणि तिच्यातली क्रियापदं कागदावर उतरवून काढा. चढतो, वाकतो, कवेत घेतो, खेचतो, उतरतो. बाहुलीचं अंग या क्रियापदांतून ठरतं.

आपण कुडाळात बसलोय. पिंगुळी इथून अगदी जवळ. ठाकर मंडळींनी तिथे कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, परशुराम गंगावणे यांना त्या कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. तुम्ही तिथे जालच, जायलाच हवं. पण बघताना एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कळसूत्री बाहुलीचा भार दोऱ्या पेलतात. दोरी ढिली सोडली की हात आपसूक खाली येतो, त्यासाठी सूत्रधाराला काही करावं लागत नाही. म्हणून तिचे सांधे मोकळे लागतात आणि तिच्या चालीत तो सुंदर झोका येतो. आपली स्टॉप मोशनची, म्हणजे फोटोमागून फोटो टिपून हलती दाखवायची बाहुली नेमकी उलट आहे. तिला वरून धरणारं कुणी नाही. आपण तिचा हात जरासा हलवतो, आपला हात बाजूला घेतो आणि मग फोटो टिपतो. त्या क्षणी ती जिथे ठेवली तिथेच राहिली पाहिजे. सेकंदाला २४ फ्रेम, बाहुलीची एकेक स्थिती, म्हणजे ठेवण, दोन फ्रेम धरली तरी सेकंदाला १२ ठेवणी. दहा सेकंदांच्या दृश्यात ती १२० वेळा हलते आणि १२० वेळा स्थिर राहते. मधेच खांदा खचला तर पडद्यावर तो झटका लगेच दिसतो.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतला वाटाणा उगवताना थोडा थोडा टिपला आणि काही दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरात दाखवली. तिथे अंकुर आपल्या बळावर उभा होता. आपल्या बाहुलीला ते बळ आपण द्यायचं असतं, तेही आतून. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या सपाट असतात, त्यांचं नातं कागदातून कापलेल्या आकृत्यांशी. ज्यांना कापीव आकृत्यांवर काम करायचंय त्यांनी त्यांच्याकडे बारकाईने पाहावं. जर्मनीत लोटे रायनिगरने १९२६ मध्ये सांधे जोडलेल्या काळ्या कागदी आकृत्यांवर अख्खा चित्रपट उभा केला होता.

आता एक बाहुली आपण डोळ्यांसमोर आणू. माडावर चढणारा पाडेली. हे पात्र मी मुद्दाम निवडलं, कारण त्याच्यावर कपडा जवळजवळ नाही. कमरेला दोरी, दोरीत कोयता, बस्स. अंग झाकायला जागा नाही म्हणजे सांगाड्यातली चूक लपवायलाही जागा नाही.

सांगाडा अॅल्युमिनियमच्या मऊ तारेचा. दोन-तीन पदर ड्रिल मशीनला लावून एकत्र पिळून घ्या, एकेरी तार वापरू नका. मांडी, पोटरी, दंड, जिथे हाड असतं तिथे एपॉक्सी पुटीचा लेप चढवा आणि सांध्याच्या जागी तार उघडी सोडा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण लेप नसेल तर मांडी मधेच वाकते आणि माणसाऐवजी रबरी नळी चढताना दिसते. पुन्हा पुन्हा वाकून तार कडक होते आणि एक दिवस तुटते. कुठलीच तार याला अपवाद नाही. पहिली जातात ती बोटं आणि मनगटं. म्हणून हात धडाला कायमचा चिकटवू नका. खांद्यात पितळेची छोटी चौकोनी नळी बसवा, म्हणजे तुटलेला हात काढून दुसरा खोवता येतो. चांगला विद्यार्थी चित्रीकरणाआधी हातांच्या दोन जोड्या तयार ठेवतो.

खरी परीक्षा पावलांची. जमिनीवर चालणाऱ्या बाहुलीच्या तळव्यात स्क्रूचा नट बसवतात आणि सेटच्या फळीखालून स्क्रू घालून पाऊल आवळतात. आपला पाडेली तर उभ्या खोडाला चिकटलाय. तेव्हा माडच आतून पोकळ करा, मागची बाजू उघडी ठेवा आणि स्क्रू खोडाच्या आतून पावलात घ्या. खोडावरच्या आडव्या खुणांमध्ये भोकं आपसूक लपतात. चढताना माणूस आधी हातांनी खोड कवळतो, मग गुडघे पोटाशी घेतो, मग पाय रोवून सगळं अंग वर ढकलतो. या तिन्ही ठेवणी कागदावर काढून गुडघा किती दुमडतो ते मोजा. तेवढा दुमडत नसेल तर पोटरीवर मांसासारखं चढवलेलं फोम कमी करा, तार मोठी करून काही होणार नाही. डोकं हलकं हवं, नाहीतर मान हळूहळू मागे झुकते. थर्मोकोलचा गोळा चालेल, कागदाचा लगदाही चालेल.

लगद्यावरून आठवलं. पुस्तकांत लिहिलेलं साहित्य कोरड्या हवेला धरून असतं, आपण समुद्राकाठी राहतो. साधा लोखंडी स्क्रू पावसाळ्यात गंजतो आणि गंजाचा डाग फोममधून बाहेर येतो, म्हणून पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्या. लगद्याच्या खळीत किंचित मोरचूद टाका, बुरशी धरत नाही. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि लहान मुलांच्या हाती ती खळ पडू देऊ नका. प्लायवूडचा सेट दमट हवेत फुगतो, पाऊल आवळलेलं असूनही फळीच हलते. खालच्या बाजूलाही रंगाचा हात द्या.

ज्यांच्या गोष्टीत कोळीण आहे त्यांच्यासाठी कपड्याचं थोडं. खऱ्या लुगड्याचा तुकडा एवढ्याशा बाहुलीला नेसवला तर तो पडत नाही, पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. जुनं, धुऊन विरलेलं मलमल घ्या. काठाच्या आत केसासारखी बारीक तांब्याची तार शिवा, म्हणजे निऱ्या आणि पदर तुम्ही ठेवाल तसे राहतात आणि वाऱ्याने उडवताही येतात. नक्षी छापील नको, ती प्रमाणात बसत नाही. ब्रशने काढा.

आणि आता चेहरा. डोळ्यांसाठी काचेचे मणी, मधल्या भोकात सुई घालून बुबुळ फिरवायचं. पापण्या मातीच्या, प्रत्येक ठेवणीला बदलता येतील अशा. पाडेल्याला बोलायचं नसेल तर ओठांचे वेगळे संच करत बसू नका, तो वेळ भुवयांना द्या. वर बघताना त्या कशा चढतात, खाली बघताना कपाळ कसं बदलतं, एवढ्यात त्याचं मन कळतं.

दुपारी प्रत्येकाने नुसता सांगाडा करायचा आहे. रंग नाही, कपडा नाही, डोकं म्हणून एक गोळा. तो खोडावर एक पाऊल वर चढला आणि तिथे थांबला, की मला दाखवायला आणा.