नर की मादी? गिधाडाच्या मापांचा हिशेब

(पक्षीनिरीक्षक, वनरक्षक आणि पशुवैद्यक यांच्यासमोर कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मोर कुठला आणि लांडोर कुठली, हे शेंबडं पोरही सांगतं. गिधाडापुढे मात्र जाणकारही हात टेकतात. शिकारी पक्ष्यांत, म्हणजे ससाणा, शिक्रा यांच्यात मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते. मेलेलं खाणाऱ्या गिधाडांत हा फरक जवळजवळ पुसला गेलाय. आपल्याकडच्या राजगिधाडाचा अपवाद सोपा आहे: प्रौढ नराचा डोळा फिकट, मादीचा गडद तपकिरी. पण पांढऱ्या पाठीचं आणि लांब चोचीचं गिधाड यांना अशी खूण नाही. तिथे मापं घ्यावी लागतात.

गिधाड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मधलं, म्हणून वन विभागाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. पकडायला किमान तीन माणसं: एकाकडे पाय आणि पंख, दुसऱ्याकडे डोकं, तिसरा मोजणारा. डोळ्यांवर टोपी चढवली की पक्षी शांत होतो. छाती दाबू नका. पक्ष्याचा श्वास छातीच्या हाडाच्या हालचालीवर चालतो. घाबरलं की गिधाड ओकतं, तेव्हा मान मोकळी ठेवा, नाहीतर ओकलेलं श्वासनलिकेत जातं. काम सकाळी गारव्यातच उरकावं.

सगळ्यात भरवशाची मापं हाडाची. कवटीच्या मागच्या टोकापासून चोचीच्या टोकापर्यंत डोक्याची लांबी, चोचीच्या मुळाशी तिची उंची, आणि पायाची नळी. तिन्हींना व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक माप देणारं साधन, लागतो. त्याचे जबडे टेकले की थांबायचं, आवळायचं नाही. प्रत्येक माप एकाच माणसाने तीनदा घ्यावं, आणि आधीचा आकडा मोजणाऱ्याला सांगू नये. सांगितला की हात आपोआप त्याच आकड्याकडे वळतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची चोच कधी कधी जास्त वाढते, पिलाची अजून वाढतच असते. दोघांचे आकडे प्रौढांच्या तक्त्यात घालू नयेत.

पंखाचं माप दिसायला सोपं, पण फसवं. पंख पट्टीवर सपाट दाबून मोजला तर आकडा वाढतो, नैसर्गिक बाकासह मोजला तर कमी येतो. कोणती पद्धत वापरली हे नोंदवलं नसेल तर तो आकडा कुणाशीच ताडून बघता येत नाही. शिवाय पिसं झिजतात, गळतात.

वजनाचं तर विचारूच नका. तालमीत पैलवानाचं वजन खुराकाआधी घेतलं की नंतर, यावर गट बदलू शकतो. गिधाड एका बैठकीत किलोभर मांस अन्नपिशवीत भरतं. नर-मादीतला फरक त्यात बुडून जातो. आधी अन्नपिशवी चाचपून बघा, भरलेली असेल तर तसा शेरा लिहा.

एकटं कुठलंच माप पुरत नाही, म्हणून दोन-तीन मापांचं सूत्र बांधतात. ज्यांचं लिंग डीएनएवरून आधीच ठरलंय, अशा त्याच जातीच्या पक्ष्यांवर ते बसवायचं आणि बांधताना न वापरलेल्या पक्ष्यांवर तपासायचं. दुसऱ्या जातीचं सूत्र चालत नाही.

आता समजा, सूत्र 100 पैकी 90 वेळा बरोबर आलं. ऐकायला छान. पण प्रजनन केंद्रात त्यावरून जोड्या लावल्या तर? दोघांचाही अंदाज बरोबर असण्याची शक्यता 81 टक्के. दोघांचाही चुकून जोडी तरीही जमण्याची 1 टक्का. म्हणजे 100 पैकी 18 जोड्यांत दोन नर किंवा दोन माद्या. मादी एका हंगामात एकच अंडं घालते. वर्षभर वाट पाहिल्यावर ही चूक कळणं परवडत नाही. म्हणून ज्या पक्ष्याचा सूत्रातून आलेला गुण नर-मादीच्या सीमेजवळ येतो, त्याच्यासमोर सरळ ‘अनिश्चित’ लिहावं आणि रक्ताचा थेंब प्रयोगशाळेला पाठवावा.

तिथेही डोळे उघडे ठेवा. पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं मादीत झेड आणि डब्ल्यू, नरात दोन्ही झेड. तपासणीत मादीच्या दोन पट्ट्या उमटतात, नराची एकच. नमुना खराब असला आणि डब्ल्यूची पट्टी उमटलीच नाही, तर मादी बिनबोभाट नर ठरते. त्यामुळे अहवालात ‘नर’ आलं आणि मापं मादीकडे झुकत असली, तर दुसरा नमुना काढून पुन्हा तपासायला द्यावा.